तात्यांच्या फुग्यांची जोडी

मारुंजीतले आमचे घरमालक तात्या ट्रकसाठी हवेचे फुगे निवडायला निघाले, ते बैलबाजाराला निघावं तसे पटका बांधून. भंगारवाल्याने आरामबसचे जुने रबरी फुगे पुढे टाकले. तात्यांनी एकेकाभोवती फेरी मारली, थाप मारून पाहिली. "ह्यो मारका दिसतुया," म्हणत एक बाजूला सारला. सौदासुद्धा बैलबाजाराच्या रीतीने, उपरण्याखाली बोटं दाबून. भंगारवाला बिचारा परमुलखातला; म्हातारा आपला हात का धरतोय हेच त्याला कळेना. त्या गोंधळात त्याने भाव उतरवला.

हे फुगे चाकावरच्या लोखंडी पाट्यांच्या जागी बसतात आणि रस्त्याचे धक्के पोटात घालतात. तात्यांना ते हवे होते बायकोसाठी, आमच्या आक्कांसाठी. माळ्यावरून पडल्यापासून आक्कांना फार वेळ बसवत नसे. त्यामुळे धरणापलीकडच्या माहेरच्या जत्रेला जाणं सुटलं होतं. जमिनी विकून गावाने चकचकीत मोटारी घेतल्या. तात्यांनी जुना ट्रक घेतला, मागे पत्र्याची खोली बांधली आणि खिडकीपाशी पलंग ठोकला.

"तात्या, ह्ये बसचं फुगं हायेत. लहान घ्या," सोबत आलेला मेकॅनिक म्हणाला.

"नांगराला रेडकू जुपू व्हय?"

चाचणीसाठी पलंगावर मला झोपवलं. "तुमी आयटीवालं दिसभर बसूनच असता, जरा पडा सायेब." पोटावर ताकाचा तांब्या. गावाची वेस ओलांडायच्या आत ताक छताला लागलं.

"सांडलं का?" तात्यांनी गाडी थांबवून विचारलं. मी तोंड पुसत होतो.

मेकॅनिकने कपाळावर हात मारला. "भरल्या गाडीचं फुगं त्ये. रिकामी गाडी उडणारच."

दुसऱ्या कुणी फुगे बदलले असते. तात्यांनी गाडी भरली. एकदा घेतलेली जोडी मोडायची नाही, हा त्यांचा बैलांपासूनचा नेम. खाली वाळूची पोती आणि पोत्यांवर आम्ही भाडेकरू, कोणी लातूरचा, कोणी अकोल्याचा. "जत्रंला चला, जेवान माझं. फकस्त तवर बारीक होऊ नका." हा माणूस मला तेव्हापासून मनापासून आवडू लागला.

जत्रेच्या दिवशी मी पुढे तात्यांशेजारी बसलो होतो. पौड सोडल्यावर खड्डे सुरू झाले. प्रत्येक खड्ड्याआधी तात्या ओरडत, "आलं गं, आलं." मागून आक्कांचं उत्तर येई, "कळतंय. वरडू नका."

माहेरचं गाव दिसायला लागलं आणि एका मोठ्या खड्ड्यानंतर मागून उत्तरच आलं नाही.

तात्यांनी गाडी उभी केली आणि वहाणा न घालताच मागे धावले. त्यांच्यामागोमाग मीही उतरलो. दार उघडलं, तर पोत्यांवरची मंडळी पेंगलेली आणि आक्का तोंड उघडं टाकून गाढ झोपलेल्या.

"आक्का, गाव आलं," मी म्हणणार, तोच तात्यांनी माझा दंड धरला.

"ऱ्हाऊ द्या. पडल्यापासनं धड निजली न्हाई ती. मला ठावं हाय, मी बी जागाच असतुया."

समोरून देवाची पालखी हलग्या वाजवत येत होती. तात्या त्या गावचे जावई. जावयाने तिथे मान घ्यायचा, वाकायचं नाही. ते अनवाणी पुढे गेले आणि वाजवणाऱ्या पोरांसमोर हात जोडून उभे राहिले. हलग्या थांबल्या. पालखी आमच्या ट्रकशेजारून गेली ती नुसत्या पावलांच्या आवाजात.