एका तहानेत अकोला

विमानाचा आवाज आला की आमचे शेजारी गुणवंतकाका हातातलं फावडं टाकून द्यायचे आणि मान वर करून बोलू लागायचे. विमान दिसेनासं झालं तरी यांचं चालूच. "हे बडनेरा गेलं... मुर्तिजापूर... बोरगाव... उतरलं अकोल्याले!" मग स्वतःच प्रवास करून आल्यासारखे बांधावर बसून घाम पुसत.

आमचं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात मोडायचं. लढाईच्या दिवसांत अकोल्याजवळ विमानं उतरायला पट्टी झाली होती आणि अमरावतीलाही तशीच होणार, अशी आवई उठली होती. काकांचा वांग्यांचा आणि झेंडूचा मळा माझ्या घराला लागूनच. जन्मात ते विमानात बसले नव्हते. पण अमरावतीहून अकोला हवेतून किती जवळ, यावर साहेबाशीसुद्धा वाद घातला असता.

"रेल्वे वाकडी जाते, मास्तर. विमानाले ना बडनेऱ्याले गाडी बदलाची, ना नाला आडवा. अर्ध्या घंट्यात अकोला! तोंडातलं पान संपत नाई."

"पण काका, तुम्हाला एवढी घाई कशाची?"

"एका तहानेत जाऊन येता येते ना!"

हा हिशेब मला फार उशिरा कळला. काकांची एकुलती एक लेक, सुभद्रा, अकोल्याच्या जुन्या शहरात दिलेली. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आमच्याकडची रीत. काका तर तिच्या गावच्या पाण्यालाही शिवत नसत. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली, पाळणा काही हलला नव्हता.

एकदा ऐन उन्हाळ्यात हे रेल्वेनं लेकीकडे गेले, ते फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी भरून. घसा कोरडा पडला तशी भर बैठकीत फिरकी उघडून घटाघटा प्यायले! विहिणीला रीत ठाऊक होती. न पिणं तिला चाललं असतं; अमरावतीहून पाणी आणलेलं झोंबलं. "काहून, आमच्या हिरीत जहर हाये काय?" म्हणून ती कडाडली. सुभद्रा दाराआड रडत राहिली. तेव्हापासून काकांचं जाणं बंद, आणि डोळे आभाळाकडे.

मला त्यांची कीव यायची आणि रागही. शेवटी एकदा मी वैतागून म्हणालोच, "काका, कसली रीत नि कसलं काय! लेकीसाठी जीव तुटतो तुमचा. सरळ रेल्वेनं जा, तिच्या हातचं तांब्याभर पाणी प्या आणि या."

काका वाफ्यातलं गवत उपटत राहिले. वर न पाहताच म्हणाले, "रीतीले कोन भेते, मास्तर? तिच्या हातचं पानी प्यावं म्हनून मी किती तरसून राहिलो, माह्यं मले मालूम. पन सासरच्यायनं तिची आस सोडली. लोकायनं सोडली. मी पानी पेलो, तं तिले वाटीन, बापानंबी सोडली."