‘आतली कडी’चा शेवट

कात्रीच्या हातून अकरा वर्षांत एकही चूक छापली गेली नव्हती. हे दैनिकात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो ते सगळ्यांना सांगत असे. नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाला तर पहिल्याच दिवशी, आपली खुर्ची कुठली हे कळायच्या आत. पानात न मावणारा मजकूर तो इतक्या सफाईने छाटायचा, की लिहिणाऱ्यालाही आपलं काय गेलं याचा पत्ता लागत नसे. म्हणून कात्री.

रविवारच्या पुरवणीतलं ‘आठवतोय का?’ हे सदर त्याच्याकडे होतं. एके काळी जिवापाड आवडलेल्या आणि आता कुणी नावही न काढणाऱ्या सिनेमांवर वाचक पत्रं लिहीत. कात्री त्यातलं एक निवडून छापायचा. या सदरावर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव होता.

दैनिकाचा एक नियम होता. ज्याची चूक त्यानेच दुरुस्ती लिहायची, ‘आमची चूक’ या शब्दांनी सुरुवात करायची आणि ती चुकीच्याच जागी, चौकटीत छापायची. वर्षाला दोन दुरुस्त्या खपवून घेत. तिसरी झाली की सदर जायचं आणि माणूस हवामानाच्या रकान्यावर बसायचा. हवामानाच्या रकान्यावरून आजवर कुणी परत आलं नव्हतं.

त्या गुरुवारी एकही पत्र आलं नाही. पान दोन वाजता जायचं होतं आणि घड्याळात सव्वा वाजला होता. कात्रीने बोटं मोडली. अकरा वर्षं लोकांचे सिनेमे छाटले, एखादा आपण काढायला काय हरकत आहे, असं मनाशी म्हणत त्याने वीस मिनिटांत एक सिनेमा लिहून टाकला. खाली सही ठोकली, ‘एक वाचक’.

सिनेमाचं नाव ‘आतली कडी’. एक घड्याळजी एका मोठ्या घरात भाड्याने राहायला येतो. घरमालकीण फारसं बोलत नाही. माडीवर एक खोली आहे, तिला आतून कडी. खोलीत कुणी राहत नाही असं मालकीण सांगते, पण रोज दुपारी बारा वाजता त्या दारावर आतून तीन ठोके पडतात. शेवटी एके दुपारी ती कडी आपोआप निघते, दार उघडतं. खोली रिकामी. घड्याळजी आत पाऊल टाकतो आणि त्याच्यामागे कडी पुन्हा बसते.

चांगलं जमलं होतं. त्यात आणखी एक वाक्य होतं, मालकिणीच्या एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात पुरुषाचा बूट असतो, असं. पण ऐनवेळी खाली जाहिरात आली, दोन ओळी जास्त झाल्या, आणि कात्रीने ते वाक्य उडवलं. पान मुद्रितशोधक बाईंकडे जाण्याआधीच उडवलं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्यालाही तेच सारखं आठवत राहिलं.

मंगळवारी तीन पत्रं आली.

पहिलं एका निवृत्त नर्सचं होतं. ‘‘आतली कडी’ची आठवण काढल्याबद्दल आभार. इतकी वर्षं कुणाला सांगितलं तर लोक म्हणत, असा सिनेमाच नाही.’

कात्री हसला. काही लोकांना कशाचीही आठवण येते. त्याने पुढे वाचलं.

‘मात्र शेवट चुकला आहे. खोली रिकामी नसते. आत तो घड्याळजीच बसलेला असतो, म्हातारा झालेला. मान वर करून तो म्हणतो, किती उशीर केलास. त्या क्षणी हॉलमध्ये एक लहान मूल किंचाळलं होतं. ती किंकाळी मी अजून विसरलेली नाही. आणि त्या बाईच्या एका पायात चप्पल, एका पायात बूट होता, ते आपण का नाही लिहिलं?’

कात्रीने पत्र उलटं करून ठेवलं. मग सरळ केलं. अक्षर तेच होतं.

दुसरं पत्र शिंप्याचं, तिसरं एका शाळामास्तरांचं. दोघांनीही तोच शेवट लिहिला होता. किती उशीर केलास. दोघांनीही ते मूल ऐकलं होतं.

तो तडक मुद्रितशोधक बाईंच्या टेबलापाशी गेला. अख्ख्या कचेरीत त्याची फिरकी घेण्याइतकी अक्कल फक्त त्यांच्याकडे होती.

‘‘बाई, चेष्टा पुरे.’’

‘‘कसली?’’

‘‘ही पत्रं तुम्ही लिहिलीत.’’

बाईंनी तिन्ही पत्रं चष्म्याखालून घातली आणि शिंप्याच्या पत्रावर पेन्सिलीने सात खुणा केल्या. ‘‘मी लिहिली असती तर त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका नसत्या. आणि मला वेळ कुठला? दिवसभर तुझीच पानं तपासते.’’

‘‘पण त्यांना चप्पल आणि बूट कसं कळलं?’’

‘‘कुठली चप्पल? माझ्याकडे आलेल्या पानात तर नव्हती.’’

कात्रीने पत्रं गोळा केली. वरच्या मजल्यावरून तीन ठोके ऐकू आले. त्याने घड्याळाकडे पाहिलं. बारा.

‘‘सुतार आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कालपासून कपाट बसवतोय. तू पांढरा का पडलास?’’

शनिवारी पुरवणी छापायला जाण्याआधी पत्रांची संख्या एक्केचाळीस झाली होती. एक्केचाळीस माणसं, एक्केचाळीस हस्ताक्षरं, शेवट एकच. कात्री जेवणाच्या सुट्टीत ती पत्रं टेबलावर पसरायचा आणि त्यात कुठेतरी फट सापडते का ते बघायचा. एखाद्याने तरी म्हातारा उभा होता म्हणावं, एखाद्याने तरी तो काही वेगळं बोलला म्हणावं. नाही. तो बसलेलाच होता आणि तेच म्हणत होता. आता कात्रीलाही तो दिसू लागला होता. हात धुताना आरशात बघायचं त्याने बंद केलं.

इकडे संपादकसाहेब खूश होते. सदराला इतकी पत्रं कधीच आली नव्हती.

‘‘या रविवारी जाहीर करून टाक,’’ ते म्हणाले. ‘‘प्रिंट कुणाकडे असेल तर आणून द्या. आपण सकाळचा खेळ लावू. दैनिकातर्फे.’’

नसलेल्या सिनेमाचा शोध, दैनिकाच्या नावाने. कात्रीने दार लोटून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. सव्वा वाजता काय झालं, वीस मिनिटं, एक वाचक.

साहेबांनी हातातलं पत्र खाली ठेवलं. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्यांच्यासमोर उभं राहणं जास्त अवघड जाई.

‘‘म्हणजे हा सिनेमा नाहीच.’’

‘‘नाही, साहेब.’’

‘‘मग या एक्केचाळीस लोकांनी काय बघितलं?’’

कात्रीने दार नीट लागलंय ना, ते वळून पाहिलं.

‘‘लिही,’’ साहेब म्हणाले. ‘‘आमची चूक.’’

रविवारी सदराच्या जागी चौकट आली. ‘आमची चूक. ‘आतली कडी’ या नावाचा चित्रपट अस्तित्वात नाही. तो उपसंपादकाने कल्पिला होता.’ अकरा वर्षांतली पहिली. सकाळी सातपासून कात्रीचा फोन वाजू लागला. त्याने एकही उचलला नाही. थोरल्या बहिणीचेच सहा येऊन गेले. शेवटी त्याने फोन बंद करून कपाटात कपड्यांखाली ठेवला.

सोमवारी अकराच्या सुमारास तो आपल्या टेबलाशी बसला असताना जिन्यावर पावलं वाजली.

चट. धप.

चट. धप.

एका पायात चप्पल, एका पायात बूट. त्याने स्वतः उडवलेलं वाक्य एकेक पायरी चढून वर येत होतं. कात्री खुर्चीला खिळून बसला. पावलं वळणावर थांबली, दम खाल्ला, पुन्हा निघाली. दारात एक हडकुळा म्हातारा उभा राहिला. त्याच्या डाव्या पायात चप्पल होती. उजव्या पायात बूट.

‘‘चौकट लिहिणारे तुम्हीच का?’’ म्हातारा म्हणाला.

कात्रीने मान हलवली. हो की नाही ते त्यालाही कळलं नाही.

‘‘पायाकडे काय बघताय? अंगठा सुजलाय, चप्पल चढत नाही. मुलाचा बूट घालून आलोय.’’ म्हाताऱ्याने पिशवीतून गंजलेला गोल डबा काढला आणि थेट पत्रांवर ठेवला. ‘‘मी जुन्या थिएटरात ऑपरेटर होतो. चाळीस वर्षं रिळं फिरवली, मला खोटं कुणी म्हटलं नाही. हा सिनेमा नाही म्हणता? मग माझ्या माळ्यावर काय पडलंय?’’

डब्यावर पुसट रंगात लिहिलं होतं, आतली कडी, भाग तीन.

‘‘उरलेले डबे आणि फिरत्या खेळांचा प्रोजेक्टर खाली गाडीत आहे. दोन माणसं पाठवा. माझा पाय हा असा.’’

बैठकीच्या खोलीत पडदे ओढले, भिंतीवर चादर लावली. साहेब पुढे बसले, बाई त्यांच्या शेजारी. कात्री दाराजवळ, बाहेर पडायला सोपं म्हणून. ऑपरेटर रीळ चढवता चढवता सांगत होता.

‘‘एकच प्रिंट होती, एकच थिएटर, आणि खेळही एकच. तोही पुरता झाला नाही. ते दार उघडलं आणि हॉलमध्ये एक पोरगं असं काही किंचाळलं, की माणसं उठून पळाली. तीनशे माणसं. मी दिवे लावेपर्यंत हॉल रिकामा. मालकाने दुसऱ्या दिवशी सिनेमा उतरवला. प्रिंट परत न्यायलाही कुणी आलं नाही.’’

‘‘मग पुढे काय होतं त्यात?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘मला काय माहीत. एकट्याने बघायची छाती झाली नाही.’’

दिवा गेला, यंत्र घरघरू लागलं. चादरीवर एक मोठं घर उमटलं. कात्रीने लिहिलेलं घर. माडीचा जिना लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर होता तसाच डावीकडे वळत होता. मालकीण चालत आली. एक चप्पल, एक बूट. बारा वाजले, दारावर आतून तीन ठोके पडले. अंधारात कुणीतरी येऊन मागच्या खुर्चीत बसल्याचं कात्रीला जाणवलं. मागे वळून बघायचा धीर त्याला झाला नाही.

कडी निघाली. दार उघडलं. आता काय दिसणार हे त्याला एक्केचाळीस पत्रांनी एक्केचाळीस वेळा सांगितलं होतं. तो खुर्चीचे हात घट्ट धरून तयार होता. खोलीतल्या म्हाताऱ्याने मान वर केली.

‘‘किती उशीर केलास.’’

कात्री किंचाळला. शेजारच्या विभागातली माणसं दाराशी धावत आली.

‘‘पंचेचाळीसचा झालास,’’ मागच्या खुर्चीतून आवाज आला, ‘‘आणि अजून तिथेच किंचाळतोस.’’

ती ताई होती, थोरली बहीण. यंत्राच्या उजेडात तिच्या मांडीवर घडी घातलेली रविवारची पुरवणी दिसत होती.

‘‘सिनेमा नाही म्हणे! फोन का बंद ठेवलास? पाच वर्षांचा होतास, मीच नेलं होतं तुला. चड्डी ओली केलीस, वर माझा फ्रॉक भिजवलास. घरी ताप काय, बडबड काय. आईने शपथ घातली, या सिनेमाचं नाव घरात काढायचं नाही. चाळीस वर्षं मला शेवट कळलेला नाही. आता गप्प बस आणि बघू दे.’’

ऑपरेटरने कात्रीकडे पाहिलं. ‘‘हेच ते पोरगं?’’ एखादा हरवलेला माणूस सापडावा तसा त्याचा चेहरा झाला.

‘‘चालू ठेवा,’’ साहेब म्हणाले.

चादरीवरचा म्हातारा उठला आणि घड्याळजीच्या गळ्यात पडला. तो त्याचा मामा होता, दोन्ही कामं एकाच नटाची. मालकीण म्हणजे मामी. मामीशी भांडण झालं म्हणून मामाने आतून कडी लावून घेतली होती आणि भाच्याला चिठ्ठी पाठवून समेटासाठी बोलावलं होतं. चिठ्ठी पोचलीच नव्हती; मामीला कधी न पाहिलेला भाचा योगायोगानेच भाडेकरू म्हणून आला होता. भांडणाच्या झटापटीत मामीची एक चप्पल आणि मामाचा एक बूट आत राहिला होता. बाराचे ठोके जेवणाच्या ताटासाठी होते. पुढची पस्तीस मिनिटं मामी लाटणं घेऊन मामाच्या मागे पळत होती. बाईंना हसू आवरेना. ताईने डोळे पुसले. गावातल्या सगळ्यांत भयानक सिनेमाचा शेवट चाळीस वर्षांनी पहिल्यांदाच बघितला गेला, आणि तो विनोदी निघाला.

दिवा लागल्यावर साहेब म्हणाले, ‘‘पहिली दुरुस्ती, सिनेमा नाही. ती छापून झाली. दुसरी, सिनेमा आहे. तिसरी, शेवट चुकला.’’

कात्रीला हवामानाचा रकाना दिसू लागला. उद्याचं किमान तापमान, परवाचं कमाल.

‘‘साहेब, दोन्ही एका चौकटीत बसवल्या तर?’’

‘‘आठ ओळींत बसवल्यास तर एकच धरेन.’’

छाटण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने गुरुवारी सव्वा वाजता बसून लिहिलं:

‘आमची चूक. ‘आतली कडी’ अस्तित्वात नाही, असे छापले होते. तो आहे. त्याआधी त्याचा शेवटही चुकीचा छापला होता. तो विनोदी आहे. एक लहान मूल किंचाळल्याने तो पूर्ण दाखवता आला नाही. ते मूल म्हणजेच प्रस्तुत उपसंपादक. एक्केचाळीस वाचकांची स्मरणशक्ती शाबूत आहे.’

नऊ ओळी झाल्या. शेवटच्या ओळीवर एकच शब्द लोंबत होता. कात्रीने चार वेळा वाचलं, काय काढावं ते सुचेना. तपासून आलेल्या कागदावर बाईंनी पेन्सिलीने एकच खूण केली होती. ‘लहान’ या शब्दाभोवती गोल, आणि समासात, ‘सोमवारच्या खेळाला लागू नाही. काढावा.’

त्याने काढला. आठ ओळींत बसलं.