एक शिट्टी थांब, दोन शिट्ट्या चालू

आम्रपालीच्या डाव्या डोळ्याची नजर बरीच गेली आहे, हे मंगळवारी कळलं. काचा बदलून बदलून डॉक्टर तनुजा दमल्या, पण पोरगी तक्त्यावरच्या तिसऱ्या ओळीपुढे सरकेना.

"केराटोकोनस. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतोय. ॲलर्जी आहे? डोळे चोळता? घरात आणखी कुणाला?"

"आमच्या घराण्यात असलं काही नाही!" तिचे वडील सीताराम गायकवाड कडाडले. जणू घरात चोर किती, असं विचारलं होतं!

"तरी तुम्हीही तपासून घ्या. आणि आहे ती नजर टिकवायची, तर चोळणं बंद."

"माझ्यावर सोडा! बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. विनातिकीट माणूस मी मानेवरून ओळखायचो!"

घरी दिवंगत बायको ललिताच्या फोटोशेजारी खिळ्याला त्यांची जुनी शिट्टी होती. ललिता गेल्यापासून चौदा महिने शिट्टीला कुणी हात लावला नव्हता. सीतारामांनी ती काढली. आम्रपालीचा हात डोळ्याकडे गेला की एक शिट्टी, थांब! खाली आला की दोन, चालू!

बुधवारी आम्रपाली घरून काम करत होती. मीटिंगमध्ये पहिली शिट्टी झाली. हिंजवडीतला साहेब दचकला. "कुणीतरी कुकर बंद करा!"

"पप्पा, मी केस मागे घेत होते!"

"केस डोळ्यापाशीच असतात!"

तिनं हात खाली घेतला. सीतारामांनी नियमानं दोन शिट्ट्या मारल्या.

खाली वॉचमन बजरंग शिट्टी वाजवत पाण्याचा टँकर मागे घेत होता. त्यानं थांबवलेल्या ड्रायव्हरनं वरच्या दोन शिट्ट्या ऐकल्या आणि टँकर थेट शेजारच्या प्रेमलाताईंच्या स्कूटरवर घातला!

पाच मिनिटांत अर्धी सोसायटी दारात.

"अहो सीतारामभाऊ, माझी गाडी चपटी झाली!"

"गाडी नवी मिळते! डोळा मिळतो का? पोरीच्या डोळ्याची इथं कुणाला पडलीये? ललिता असती तर..."

सीतारामांनी दोन्ही मुठी डोळ्यांत घातल्या आणि कणीक मळावी तसे डोळे चोळले.

आम्रपालीनं त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि एकच वाजवली.

"रोज सकाळी आईच्या फोटोसमोर हेच करता. चौदा महिने बघतेय मी."

"ते वेगळं!"

"डोळे तेच ना, पप्पा?"

प्रेमलाताई स्कूटर विसरून म्हणाल्या, "आता कंडक्टरच विनातिकीट!"

स्कूटर दुरुस्त झाली. आम्रपालीच्या उपचाराची तारीख मिळाली. शिट्टी आता तिच्या गळ्यात असते.

सीतारामांनी स्वतःचे डोळे अजून तपासलेले नाहीत.