धडधाकट भिंत फोडणारा माणूस

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली, की सोपानराव मुलींच्या वसतिगृहाची एक चांगली धडधाकट भिंत फोडायला काढत. स्वतः. हातात छिन्नी-हातोडा, डोक्याला रुमाल, आणि त्या भिंतीनंच काही आगळीक केल्यासारखा चेहऱ्यावर राग.

सोपानराव आमच्या उपकेंद्राच्या इमारतींची देखभाल बघतात. अंबाजोगाईबाहेरच्या माळावर विद्यापीठानं हे उपकेंद्र बांधलं आणि विसरून गेलं. मी तिथं इतिहास शिकवतो. इमारती बघता विषय योग्यच आहे. ग्रंथालय गळतंय अशी तक्रार केली, की सोपानराव म्हणत, "गळू द्या. पावसाळा काय जल्मभर ऱ्हातो?" प्राध्यापकांच्या संडासाची कडी निघाली, तर त्यांनी आम्हाला आत बसून खोकायचा सल्ला दिला. रंग लागायचा तो कुलगुरू येणार असले की, आणि तोही त्यांच्या गाडीच्या काचेतून दिसतील तेवढ्याच भिंतींना. त्यात सोपानरावांचा दोष नव्हता. वरून रंगच तेवढा यायचा.

मग ही एकच भिंत दरसाल फोडायचा सोस कशाला? भिंतीत निजामाच्या काळचा मोहरांचा हंडा आहे, असं आम्ही चहाच्या टपरीवर ठरवून टाकलं होतं.

भिंत फोडून झाली की ते नवा गिलावा करत आणि रेक्टरबाईंपुढे जाऊन उभे राहत. सिमेंट कच्चं आहे, सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागेल, मजूर दिवाळीला गावी गेलेत, तेव्हा चार पोरी ठेवून घ्या. बाई कुरकुरत परवानगी देत. सुट्टीत वसतिगृहाला कुलूप लावायचा नियम त्या वर्षापुरता बाजूला राही.

मागं राहणाऱ्या पोरी नेहमी ऊसतोडीवाल्यांच्या असत, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. दसरा झाला की धारूरकडची गावं निम्मी रिकामी होतात. आईबाप कारखान्याच्या वाटेला आणि घराला कुलूप. पोरींनी सुट्टीला जायचं कुठं? मी सोपानरावांना छेडलं, तेव्हा ते गिलाव्यावरून थापी फिरवत राहिले.

"उसाच्या फडावर गेलेली पोरगी माघारी येत न्हाई, सर," ते म्हणाले. "आलीच तर मंगळसूत्र घालून येती."

यंदा नवे अधिकारी आले. त्यांनी देखभाल कंत्राटदाराला दिली. सोपानरावांनी फोडलेली ती भिंत कंत्राटदारानं तयार सिमेंट-मसाल्यानं लिंपली. त्याला पाणी मारावंच लागत नाही, याचं अधिकाऱ्यांना फार कौतुक. वसतिगृह रिकामं करायची नोटीस लागली. सोपानराव साहेबांच्या दाराशी बसून राहिले. शेवटी म्हणाले, पोरींना माझं क्वार्टर देतो, मी पंपघरात झोपतो. त्यावर, विधुर माणसाच्या घरात मुली ठेवणं शोभत नाही, असं त्यांना सुनावण्यात आलं. सुनावणारे सगळे बायकामुलांसह सुट्टीला निघाले होते. त्या शहाणपणाची मला अजून चीड येते.

बाकीच्या पोरींना कुणी मावशी, कुणी आत्या मिळाली. माझ्या वर्गातल्या सुनीताला कुणीच नव्हतं. तिच्या बापाच्या ऊसतोड टोळीची ट्रॉली फाटकाशी आली. सोपानरावांनीच तिची पेटी वर चढवली आणि पोरीला परीक्षेला धाडा म्हणून बापाला सांगितलं. बापानं मान हलवली. मुकादम हॉर्न वाजवत होता.

सुट्टी संपली. पोरी आल्या, सुनीता आली नाही. एका सकाळी सोपानराव माझ्या वर्गाबाहेर चपला काढून उभे. या माणसानं आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

"सर, सुनीताचं नाव कापू नका. तिची हजेरी लावत जावा."

हे नियमात बसत नाही, असं मी म्हणालो.

"म्या तिला सांगून ठिवलंय," ते म्हणाले, "कवाबी ये, तुजी जागा हाय."

मी हजेरी लावतो. तिचं नाव पुकारलं की मी मान वर न करता हजर मांडतो आणि पुढचं नाव घेतो. सोपानराव रोज नेमके त्याच वेळी माझ्या वर्गाच्या खिडकीची बिजागरी घट्ट करायला येतात. तिचं नाव पुकारून झालं, की जातात.