नीराबाईंचा पंचनामा आणि माझे नियम

सभा कशी चालवावी, हे मला कोणी शिकवू नये! एकतीस वर्षं मी विधिमंडळात प्रतिवेदक होतो. म्हणजे सभागृहात आमदार जे बोलतात ते शब्दन् शब्द टिपून घेणारा माणूस. भलेभले मंत्री बोलता बोलता घसरलेले मी या कानांनी ऐकलेत. निवृत्त होऊन मुरुडजवळच्या आमच्या वाडीत राहायला आलो, तेव्हा गावाने माझा उपयोग करून घ्यावा असं मला फार वाटायचं. गावाला वाटत नव्हतं, एवढंच.

पण संधी आली! गुरुवारच्या ग्रामसभेला इतिवृत्त लिहिणारे ग्रामसेवक निकेशराव आलेच नाहीत. सरपंच हरेश्वर म्हणाला, "तहकूब करूया."

"तहकूब? अरे, मी मेलोय का? आण ते रजिस्टर इकडे!"

मागच्या रांगेतून आमच्या सौभाग्यवतींनी, मधुवंतीने, डोळे वटारले. मी नेमका चष्मा पुसत होतो.

पहिल्याच उभ्या राहिल्या कोळीवाड्यातल्या नीराबाई. वादळात त्यांचे बोंबील वाळवायचे बांबू मोडले होते आणि सुकी मासळी ठेवायची झोपडी उडाली होती. पंचनामा झाला तरच तालुक्याच्या नुकसानभरपाईच्या यादीत नाव लागणार, आणि यादी सोमवारी बंद!

"निकेश तीन डाव आला," नीराबाई म्हणाल्या. "पैल्यांदा पापलेटं नेली, मंग सुरमई, मंग कोलंबी. पंचनामा काय केला न्हाय! मेला लाचखाऊ..."

"थांबा!" मी टेबलावर अशी थाप मारली की चहाचा कप हरेश्वरच्या मांडीवर. "जो लोकसेवक सभागृहात हजर नाही, स्वतःचा बचाव करू शकत नाही, त्याच्यावर आगाऊ लेखी सूचना दिल्याशिवाय आरोप करता येत नाही! हे मी कामकाजातून काढून टाकतो."

"काढून टाकता म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही बोललातच नाहीत."

"आत्ता तर बोलले! काय गो किशोरी, बोलले ना मी?"

"व्हय, चांगली बोंबललीस की!" शेजारची किशोरी म्हणाली.

मी तिलाही काढून टाकलं.

हरेश्वर मांडी झटकत माझ्या कानाशी लागला. "दादा, तक्रारी असल्या की तो मुद्दामच गायब होतो हो."

"मग लेखी सूचना द्या आणि पुढच्या सभेत बोला."

"पुढची सभा तीन महिन्यांनी आहे, दादा! यादी सोमवारी बंद होतेय!"

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण एकतीस वर्षांची सवय! 'लाचखाऊ' काढला, 'मेला' काढला, 'हरामखोर'ला सभ्य पर्याय सुचवला, तो नीराबाईंना पसंत पडला नाही. "पुरावा असेल तर पटलावर ठेवा!" असं मी गरजलो, तर बाई तडक घरी गेल्या आणि मोडका बांबू घेऊन आल्या. दहा फुटी! आडवा तो दारातून वळेना, म्हणून त्यांनी उभा केला, आणि तो थेट पंख्यात! पंख्याने बांबू भिरकावला, बांबूने भिंतीवरचं घड्याळ पाडलं, आणि सरपंच टेबलाखाली गेले.

शांतता झाल्यावर मी इतिवृत्त वाचून दाखवलं. "नीराबाई म्हणाल्या की, एक सन्माननीय लोकसेवक त्यांच्या घरी तीन वेळा आले. त्यांना मासळी आवडली."

किशोरीचा तोंडाशी गेलेला पदर तिथेच राहिला.

"दादा," नीराबाईंचा आवाज एकदम खाली आला. "पावसाच्या आधी झोपडी उभी न्हाय झाली, तर वर्साची सुकी मासळी ठेवू कुठं? खाऊ काय?"

मला खरोखर लाज वाटली. पण तोंडातून निघालं काय, तर "नियम आहे हो."

त्या माझ्या टेबलाशी आल्या. "जो हजर न्हाय त्याच्यावर बोलायचं न्हाय. मंग जो हजर हाय त्याच्यावर?"

"खुशाल बोला!"

"नाव घेऊन?"

"अर्थात!"

"आनि तुमी काढनार न्हाय?"

"एक अक्षर काढणार नाही. शब्द देतो!"

नीराबाईंनी पदर खोचला. "मंग लिवा. या दादांनी माजी पंचनाम्याची तक्रार दाबली. तीनदा सांगून लिवून घेतली न्हाय. यांच्यापायी माजं नुकसान व्हतंय. चौकशी करा!"

टाळ्यांचा कडकडाट! मधुवंतीसुद्धा वाजवत होती! सरकारी नोकरीत एकतीस वर्षांत माझ्यावर साधा मेमो नाही, आणि हे काय! पण शब्द दिला होता. लिहिलं, तेही सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी पंचायत समितीच्या विस्तार अधिकारी आश्लेषा मॅडम रजिस्टर तपासायला आल्या. "हे 'सन्माननीय लोकसेवक' म्हणजे निकेशच ना? त्याच्याबद्दल तर इथे चांगलंच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण हे दादा कोण?"

नोंदलेली तक्रार त्यांना बाजूला सारता येईना. चौकशी लागली. चौकशी म्हटल्यावर नुकसान खरं की खोटं ते बघणं आलं, आणि शनिवारी मॅडमसमोर नीराबाईंचा पंचनामा झाला! केला कोणी? निकेशरावांनी! अगदी इस्त्रीच्या शर्टात. मोजणीच्या टेपचं दुसरं टोक धरून भर उन्हात मी उभा.

"दादा, टेप ताठ धरा," ते म्हणाले. "तुमच्यावर चौकशी चालू आहे ना? सहकार्य करा!"

मला घेरी यायची बाकी होती. नीराबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "राग धरू नका, दादा. त्यो सभेला आला असता तर त्याचंच नाव घेतलं असतं. पन आलात तुमी."

यादीत नाव लागलं त्यांचं. मला मात्र सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचाय. तीन दिवस कोऱ्या कागदासमोर बसलोय. पंचाईत अशी आहे की बाईंनी केलेला आरोप अक्षरशः खरा आहे हो!