जास्वंदीच्या ओळीतली आई

थकवा फारच वाढल्यामुळे ऋजुताच्या आईला सोमवारी सकाळी नर्सरीत लावलं. जास्वंदीच्या ओळीत, गुडघ्यापर्यंत.

आई तहसील कचेरीत आवक-जावक सांभाळायची. रोपणरजा लगेच मंजूर झाली. साहेब स्वतः मागच्या उन्हाळ्यात फणसाशेजारी उभे राहून आले होते.

"ऑफिसात कुठे बसतात?" नर्सरीच्या कदमकाकूंनी विचारलं.

"ट्यूबलाइटखाली," ऋजुता म्हणाली.

"मग आधी हिरव्या जाळीखाली ठेवू. एकदम ऊन दिलं तर करपतील. आणि पाणी रोज घरच्याच माणसानं घालायचं. आमच्या हातचं माणसांना मानवत नाही."

नर्सरी शाळेच्या रस्त्यावर होती आणि कुंपण तारेचं होतं. म्हणून ऋजुता उजाडताच यायची, झारी रिकामी करायची आणि कुणी दिसायच्या आत निघून जायची.

आईने लवकरच जीव धरला. गालांवर तकाकी आली. घरी जेवता जेवता पेंगणारी आई आता दोन्ही हात उन्हात पसरून गात असायची. तिच्या खांद्यावर बुलबुल बसायचा.

"ऋजू! ए ऋजू, मुंगी बघ कशी गुदगुल्या करतेय!"

"हळू बोल ना, आई."

"का? जास्वंदीची काही तक्रार नाही."

ऋजुताचे कान तापायचे. आई आनंदात आहे हे तिला दिसत होतं. पण ती रस्त्यावरून दिसेल अशी आनंदात आहे, हे तिला सोसत नव्हतं.

गुरुवारी ऋजुताला उठायला उशीर झाला.

"कुणाला गं पाणी घालतेस?" वर्गातल्या तन्वीने सायकल कुंपणाला टेकवून विचारलं. मागे आणखी दोघी होत्या.

ऋजुताने झारी शेजारच्या जास्वंदीकडे वळवली. "झाडांना."

"आणि त्या बाई कोण?"

"काय माहीत. असतील कुणाच्या तरी."

आईचं गाणं थांबलं. तिने हात खाली घेतले, डोळे मिटले आणि हनुवटी किंचित वर करून ती स्तब्ध उभी राहिली. वाऱ्याची झुळूक आली तेव्हा जास्वंदीबरोबर तीही हलली, जास्वंदीइतकीच.

मुली गेल्या. झारीत पाणी उरलं नव्हतं. आईने डोळे उघडायच्या आत ऋजुताही गेली.

शनिवारी आईला काढायचं होतं, कारण रजा संपत होती. कदमकाकूंनी खुरप्याने माती सैल केली. उजवा पाय सहज निघाला. डावा निघेना.

"एक पाणी चुकलंय," काकू म्हणाल्या. "मूळ जास्वंदीकडे गेलंय, ओल शोधत."

"ओढूया?"

"छे! तुटेल ना. हाक मार. घरच्या माणसानं मोठ्यानं हाक मारली की सोडतं. नाहीतर राहतात इथेच. ते चिकूपाशी आहेत ना, ते पोस्टातले भाऊसाहेब. मुलगा परदेशात असतो. फोनवरची हाक चालत नाही."

भाऊसाहेबांनी दुरून नमस्कार केला.

"आई," ऋजुता म्हणाली.

"एवढ्यानं माझी तुळससुद्धा वळून बघणार नाही," काकू म्हणाल्या.

रस्त्यावरून मुलं सकाळच्या शाळेला निघाली होती. तन्वीची सायकल कुंपणापाशी थांबली. ऋजुताने आईकडे पाहिलं. आईलाही सायकल दिसली होती. तिने आधीच डोळे मिटले होते आणि हनुवटी वर केली होती.

"आई!" ऋजुता ओरडली. "ही माझी आई आहे! आई, चल ना घरी!"

पाय निघाला.

"टवटवीत झाल्यात गं," तन्वी म्हणाली आणि निघून गेली. तिला प्रार्थनेला उशीर होत होता.

घरी जाताना आई अनवाणी, भराभर चालत होती. ऋजुता तिच्या चपला हातात घेऊन मागून येत होती. कोपऱ्यावर आई थांबली.

"ऋजू, खरं सांग हं. त्या दिवशी वारा आला तेव्हा मी हलले, ते जमलं होतं का? मला सारखी भीती, हसू फुटेल म्हणून."

ऋजुताने मान वर केली नाही.

"जमलं होतं," ती म्हणाली.