चिलापी की जिताडा

"बाईला पोर नऊ महिन्यांत होतं. आमच्याकडे एक मासा ठरायला किती महिने लागणार कोण जाणे."

युएलान हे कुणाला उद्देशून म्हणाली नाही. ती गच्चीवरचे वाळलेले कपडे काढत होती आणि तिच्या तोंडात चिमटा होता. पण चिमट्याच्या आडून आलेलं बोलणं दोन हातांच्या अंतरावर पंपापाशी उकिडवं बसलेल्या नवऱ्याला, ख्वेनमूला, बरोबर ऐकू गेलं, कारण ते त्याच्यासाठीच होतं.

ख्वेनमू पोस्टातून निवृत्त झाला तेव्हा मुलाने, पोयेनने, त्याला ही हौस करून दिली होती. गच्चीवर हजार लिटरची निळी टाकी, तिच्या वरच्या बाजूला खडी भरलेले तीन वाफे. टाकीत मासे पाळायचे, त्यांनी घाण केलेलं पाणी पंपाने वाफ्यांत चढवायचं, भाजीने त्यातलं खत पिऊन घ्यायचं आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे. पाणी पाच आठवडे इमानेइतबारे गोल फिरत होतं. वाफ्यांतली नाळीची भाजी पिवळी पडून माना टाकत होती. मासा मात्र नव्हता.

युएलानच्या मनात पहिल्या दिवसापासून जिताडा होता. सून शिनरू पोटुशी होती, आणि बाळंतिणीला आलं घातलेलं जिताड्याचं पांढरंशुभ्र सूप द्यायचं असतं, त्याने टाके भरतात, दूध उतरतं, हे त्यांच्या थायनान शहरात कुणाला शिकवावं लागत नाही. आत्ता वीतभर पिल्लं आणून सोडली तर बाळंतपणापर्यंत सूपाजोगी होतील, असं तिने बोटांवर मोजलं होतं. बाळंतपणानंतर शिनरू महिनाभर इथे राहणार, युएलान तिला पाण्यात हात घालू देणार नाही, आणि बाळ सगळा महिना आजीच्या मांडीवर. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचे पडदेसुद्धा शिवून झाले होते.

ख्वेनमूचं दुखणं नेमकं तिथे होतं. पाच आठवड्यांपूर्वी पोयेनने त्याला एकट्याला गाठून फोनवर सांगितलं होतं, की शिनरू महिनाभर काउशुंग शहरातल्या एका बाळंतिणींच्या केंद्रात राहणार आहे. तिथे नर्सा असतात, जेवण ट्रेमध्ये येतं, आणि बाळाला काचेपलीकडून बघायचं असतं. खोली तर गोड बातमी घरी कळवायच्या आधीच ठरवून झाली होती. "बाबा, आईला तुम्ही हळूहळू सांगा," असं म्हणून पोयेन मोकळा झाला. ख्वेनमूने तीस वर्षं लोकांच्या दारात बऱ्यावाईट बातम्या टाकल्या होत्या, पण त्या पाकिटात असायच्या.

तेव्हा त्याने आपल्या परीने वाट काढली. जिताडा आला नाही तर सूप निघणार नाही, सूप निघालं नाही तर बाळंतिणीच्या महिन्याचा विषय निघणार नाही. म्हणून तो चिलापीच्या बाजूने उभा राहिला. चिलापी काटक, काहीही खाते, कसल्याही पाण्यात जगते. युएलान म्हणाली, चिलापीला चिखलाचा वास मारतो, तो सुनेला पाजू का? मग त्याने मागूर सुचवला. तिने नुसतं बघितलं. शेवटी तो गोल्डफिशवर आला, भाजीला काय, घाण करणारा कुणीही चालतो, असं म्हणाला. त्यावर तिने त्या रात्रीच्या जेवणात त्याच्यापुढे सूपाचा रिकामा वाडगा ठेवला.

मुद्दे संपले तेव्हा तो आईला शरण गेला. त्याची आई चौऱ्याऐंशी वर्षांची, चाळीस वर्षं शाकाहारी. त्याने सगळं खरं सांगितलं आणि म्हणाला, आई, तूच सांग तिला. म्हातारीने माळ ओढत विचार केला. "मी सांगितलं तर ती म्हणेल, सासूनेच सुनेला फिरवलं. तुझी बायको आहे, तू सांग." पण मुलाला अगदीच वाऱ्यावर सोडणंही तिला जमेना. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, की देवघर आहे सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि त्याच्याही डोक्यावर ही टाकी. क्वानयिन देवीच्या माथ्यावर सूपासाठी वाढवलेला जीव पोहणार असेल, तर आपण उदबत्ती लावायची बंद करू.

एवढ्यावर थांबली असती तरी भागलं असतं. पण पौर्णिमेला ती बाजारात गेली, सुरीखाली जाणाऱ्या अकरा चिलापी सोडवल्या, आणि तासभर मंत्र म्हणत त्यांना टाकीत मुक्त केलं. मुक्त केलेला जीव खायचा नाही, विकायचा नाही, हलवायचासुद्धा नाही. ख्वेनमूला आई कधी नव्हे इतकी थोर वाटली. टाकी भरली. जिताड्याला जागाच उरली नाही.

युएलानने दुसऱ्या मजल्याच्या खोलीचे पडदे काढून इस्त्री केले आणि परत लावले.

संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीची धून वाजली की गल्लीतल्या सगळ्या बायका पिशव्या घेऊन कोपऱ्यावर उभ्या राहतात. तिथे म्हातारीने आपल्या पुण्यकर्माची गोष्ट सांगितली. हल्ली नदीत मासे सोडले की लोक ओरडतात, तळ्यावर पाट्या लागल्यात, तेव्हा पुण्य करायचं कुठे हा प्रश्न अख्ख्या गल्लीला होताच. पुढच्या अमावस्येला शेजारच्या लोबाई पिशवीत बोटाएवढे वीस मासे घेऊन चार जिने चढल्या. त्यांच्यामागून दोघी आणखी आल्या. एकीने कासव आणलं होतं. नाही कुणाला म्हणणार?

टाकीत साठ जीव झाले. नाळीची भाजी अशी माजली की कठड्यावरून खाली लोंबू लागली. युएलानने ती लसूण घालून परतली, उकडली, शेवयांत घातली, उरली ती गल्लीभर वाटली. लोबाईंनी मात्र घेताना विचारलं, माशांच्या घाणीवर वाढलेली भाजी शाकाहारी का हो? म्हातारीलाही शंका आली, आणि तिने सावधगिरी म्हणून भाजी सोडून दिली. इकडे पाण्याला वास येऊ लागला, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, आणि ख्वेनमू सकाळ-दुपार बादलीने पाणी बदलू लागला. निवृत्तीनंतर त्याचं वजन चार किलो उतरलं. तरीही मनातून तो सुखी होता. बायको मासा हा शब्दच काढत नव्हती.

मग एका सकाळी युएलान बाजारातून थर्माकोलची पेटी घेऊन सरळ गच्चीवर गेली. आत हातभर लांबीचा जिवंत जिताडा होता.

"मीही सोडते," ती सासूला म्हणाली. "पुण्य काय तुम्हीच करायचं?"

आणि सासूनेच शिकवलेला मंत्र एकही अक्षर न चुकता म्हणून तिने त्याला टाकीत सोडलं. म्हातारीला बोट ठेवायला जागा नव्हती. सुरीखालचाच जीव, रीतसर मुक्त केलेला.

जिताडा स्वभावाने शांत होता. कुठे घाई नाही, धावपळ नाही. फक्त रोज सकाळी टाकी थोडी मोकळी दिसे. पाणी निवळलं, पंपाची घरघर कमी झाली. ख्वेनमूच्या लक्षात आलं, पण तो गप्प राहिला. गप्प राहायची त्याला सवय झाली होती. आठव्या दिवशी लोबाई आपले मासे बघायला आल्या. टाकीत बराच वेळ वाकून त्यांनी अत्यंत अदबीने विचारलं, "आजी, आमचे वीस होते ना?"

म्हातारी मटकन बादलीवर बसली. देवीच्या माथ्यावर हत्या, आणि तीही मुक्त केलेल्यांची मुक्त केलेल्याकडून. जिताडा टाकीत राहिला तर रोजचं पाप. नदीत टाकावा तर तिथले मासे खाणार. सूप करावं तर ते बोलायचंच नाही. ती युएलानला म्हणाली, आता तूच सांग काय करायचं. युएलान म्हणाली, मी कोण सांगणार, या घरात मासा मी ठरवत नाही.

शेवटी ठरलं, की तूर्त त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीच्या टबात हलवायचं. हलवायचा नाही हा नियम म्हातारीने तेवढ्यापुरता सैल केला. जाळीत तो मावेना, म्हणून ख्वेनमू अर्धी चड्डी घालून स्वतःच टाकीत उतरला. कमरेइतक्या पाण्यात दोनदा आपटला, एकदा कासवावर बसला, वाफ्याचा एक पाइप उपटून अंगावर घेतला. लोबाई वरून दिशा दाखवत होत्या. तिसऱ्या खेपेला मात्र जिताडा सापडला. टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून ख्वेनमू उभा राहिला. नखशिखांत निथळत होता, केसांत नाळीचं पान होतं. मासा तोंड उघडत होता, मिटत होता.

युएलान टाकीच्या काठाशी आली.

"असा नाही धरायचा," ती म्हणाली. "डोक्याखाली हात घे. दुसरा खालून."

त्याने घेतला.

"हं. पोयेनलाही तू असाच आवळायचास." तिने टॉवेलाचं टोक सारखं केलं. "दोन महिन्यांपूर्वी काउशुंगहून घरच्या नंबरावर फोन आला होता. गोड आवाजाची पोरगी होती. म्हणे, बाळंतिणीला मासे चालतात का, जेवणाच्या यादीत लिहायचंय."

पंपाचं पाणी वाफ्यात पडत होतं. म्हातारीने माळ हातात घेतली आणि ओढायला विसरली. लोबाईंना एकदम आठवलं की गॅसवर काहीतरी ठेवलंय, पण त्या गेल्या नाहीत.

"मी म्हटलं, चालतात. मग विचारलं, सासूने सूप आणलेलं चालतं का? म्हणाली, दुपारी दोन ते चार. त्या सूपाचा मासा मी बाजारातून घेईन, तिथे खवलं काढून, तुकडे करून देतात. हा काय मी मारणार होते? पण इतके दिवस जिताडा जिताडा करत राहिले. म्हटलं, कधीतरी या घरातल्या एकाला तरी तोंड उघडावंसं वाटेल. तर तुम्ही कासवं आणलीत."

ख्वेनमू माशाकडे बघत राहिला.

"बोल ना," ती हळूच म्हणाली. "चार शब्द आहेत."

त्याने जिताड्याच्या डोक्याखालचा हात नीट केला आणि घसा खाकरला.

"शिनरू इथे येणार नाही."